जर्मन आणि ऑस्ट्रियन पूर्वजांचा शोध: चर्चच्या वह्या, जुने नकाशे आणि नेहमी पडणारे प्रश्न

हे पान जर्मन भाषक प्रदेश आणि जुनं ऑस्ट्रियन साम्राज्य यांच्यापुरतं आहे. म्हणजे आजचे जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया, पोलंड आणि युक्रेनचा पश्चिम भाग. कुणी जर्मन घरात सून किंवा जावई म्हणून गेलेले असतात, कुणाची पणजी ऑस्ट्रियन निघते, कुणी मित्रासाठी शोधत असतात. वाट सगळ्यांची एकच. इंग्लंड, फ्रान्स, स्वीडनची रीत निराळी असल्याने ती इथे घेतलेली नाही.

सुरुवात आडनावावरून करायची की गावावरून?

गावावरून. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय वही काढण्याआधी विचारतात, "मूळ गाव कोणतं?" तिकडेही तसंच आहे. देशभरातल्या नोंदी एकत्र असलेली मध्यवर्ती वही कधीच नव्हती. प्रत्येक धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची, आपापली वही. नुसतं 'म्युलर' हाती असेल तर त्याचा उपयोग इथे 'कुलकर्णी' एवढाच. गाव माहीत असेल तर त्या गावची वही कुठे ते कळतं, आणि मग आडनाव कामाला येतं.

शोध नेहमी आजपासून मागे जातो. आधी घरातले कागद काढा: मृत्यू दाखला, विवाह दाखला, नागरिकत्वाचे अर्ज, प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावरच्या नोंदी. जुन्या फोटोंची मागची बाजू अवश्य पाहा. स्टुडिओचं नाव आणि शहर पुठ्ठ्यावर छापलेलं असतं, आणि गाव बहुधा त्याच शहराच्या आसपासचं निघतं. 1930 च्या दशकातली 'आनेनपास' नावाची छोटी पुस्तिका मिळाली तर तीन-चार पिढ्या एकदम हाती लागतात. नाझी राजवटीत 'आर्य' वंश सिद्ध करायला लोकांना ती भरावी लागे. हेतू हिडीस होता, पण त्यातल्या नोंदी मूळ वह्यांवरून उतरवून धर्मगुरूंच्या किंवा नोंदणी कार्यालयाच्या शिक्क्याने प्रमाणित केलेल्या असत. तरी उतरवताना चुका होतातच, म्हणून मूळ वही पाहिल्याशिवाय तारीख पक्की धरू नका.

कागदावर नुसतं 'प्रशिया' किंवा 'ऑस्ट्रिया' लिहिलंय. पुढे काय?

स्थलांतर करून अमेरिकेला गेलेल्यांच्या कागदांवर हे हमखास दिसतं. तिथल्या कारकुनाला राज्यापलीकडे काही नको असे. अशा वेळी तीन वाटा आहेत.

पहिली, जहाजाची यादी. हॅम्बुर्ग बंदरातून निघालेल्या प्रवाशांच्या 1850 ते 1934 या काळातल्या याद्या टिकल्या आहेत आणि त्यात शेवटचं राहण्याचं ठिकाण दिलेलं असतं. ब्रेमेनच्या बहुतेक याद्या नष्ट झाल्या: काही जागा नाही म्हणून टाकून दिल्या, उरलेल्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. दुसरी वाट, नव्या देशातलं जर्मन चर्च. सरकारी दाखल्यात 'जर्मनी' असतं, पण त्याच लग्नाच्या चर्चमधल्या नोंदीत पुष्कळदा गावाचं नाव सापडतं, कारण तो धर्मगुरू स्वतः जर्मन असे आणि गावाचं महत्त्व त्याला कळे. तिसरी वाट भाऊ-बहिणी, शेजारी आणि मुलांचे धर्ममातापिता यांची. लोक एकेकटे जात नसत, गावच्या गाव एका वस्तीत उतरे. तुमच्या माणसाच्या कागदात गाव नसेल तर त्याच्या मेव्हण्याच्या कागदात असेल.

गावाचं नाव मिळालं, पण नकाशावर सापडत नाही. किंवा त्या नावाची दहा गावं दिसतात.

दोन्ही अडचणी रोजच्या आहेत. 'नॉयडॉर्फ' म्हणजे नवं गाव. आपल्याकडे 'नवेगाव' आणि 'वडगाव' जितकी, तितकी तिकडे नॉयडॉर्फ.

1871 ते 1918 च्या जर्मन साम्राज्यातल्या गावासाठी 1912 साली निघालेला मायर्सचा स्थलकोश हे पहिलं साधन. मायर्सगाझ या संकेतस्थळावर तो मोफत शोधता येतो. त्यातली संक्षेपाक्षरं ओळखू आली की अर्धं काम होतं. 'डी' म्हणजे खेडं, 'केआर' म्हणजे जिल्हा, 'एसटीडीए' म्हणजे जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालय. सर्वांत महत्त्वाचं 'पीएफके', म्हणजे धर्मग्रामाचं चर्च. त्याच्या आधी 'एव्ह' असेल तर प्रोटेस्टंट, 'काथ' असेल तर कॅथलिक. 'पीएफके' नसेल तर त्या गावाला स्वतःचं धर्मग्राम-चर्च नव्हतं आणि नोंदी शेजारच्या गावच्या वहीत आहेत. अशा वेळी नकाशा उघडायचा आणि चर्चचं चिन्ह असलेली आसपासची गावं टिपून घ्यायची.

ओडर-नायसे सीमारेषेच्या पूर्वेची गावं 1945 नंतर पोलंड आणि सोव्हिएत संघात गेली आणि त्यांची नावं बदलली. ब्रेस्लाऊचं व्रोत्सवाफ झालं, श्टेटिनचं श्चेचिन झालं. या पट्ट्यासाठी कार्टेनमाइस्टर हे संकेतस्थळ वापरा. जर्मन नाव टाकलं की पोलिश नाव आणि धर्मग्राम दोन्ही मिळतं. ऑस्ट्रियन साम्राज्यात तर एका गावाची तीन-तीन नावं चालत: लेम्बर्ग, ल्वूफ आणि ल्विव हे एकच शहर.

नाव कुठेच जुळत नसेल तर ते कानाने लिहिलेलं आहे असं समजा. जर्मन बोलींत ब आणि प, ड आणि ट, ग आणि क यांची सर्रास अदलाबदल होते. इंग्रजी कारकुनाने ऐकलेलं 'टीपाख' मुळात 'डीबाख' असू शकतं. शब्द मोठ्याने म्हणून पाहा आणि व्यंजनं बदलून पुन्हा शोधा.

चर्चच्या नोंदी किती मागे जातात?

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1563 मध्ये बाप्तिस्मा आणि विवाहांच्या वह्या ठेवायला सांगितलं. मृत्यूच्या वह्यांचा नियम 1614 च्या विधिग्रंथात आला. काही लूथरन गावांनी त्याआधीच सुरुवात केली होती. पण नियम झाला म्हणून वही टिकली असं नाही. 1618 ते 1648 च्या तीस वर्षांच्या युद्धात गावं जळाली आणि वह्याही जळाल्या. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी सलग नोंदी 1650 च्या आसपास सुरू होतात. तिथपर्यंत पोहोचलात तर नशीब चांगलं.

अलीकडच्या टोकाला सरकारी नोंदणी आहे. प्रशियात ती 1 ऑक्टोबर 1874 पासून आणि संपूर्ण जर्मन साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून सुरू झाली. ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीराला फ्रेंच सत्तेमुळे 1798 पासूनच सरकारी नोंदी आहेत, त्याही जन्म-विवाह-मृत्यूच्या स्वतंत्र मजकुरासह. जर्मनीत जन्माची नोंद 110 वर्षं, विवाहाची 80 आणि मृत्यूची 30 वर्षं उलटल्यावर अभिलेखागारात सर्वांना खुली होते. त्याआधीची हवी असेल तर थेट वंशज असल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून मृत्यूच्या नोंदीपासून सुरुवात करणं सोपं: ती सर्वांत लवकर खुली होते.

वह्या घरबसल्या पाहता येतात का?

बऱ्याचशा येतात. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या अनेक कॅथलिक धर्मप्रांतांच्या वह्या माट्रिकुला या संकेतस्थळावर मोफत आहेत. जर्मन प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्खिऑन, ते पैसे घेतं. ठरावीक मुदतीचा पास मिळतो, म्हणून आधी गावं आणि वर्षं कागदावर लिहून ठेवा आणि मगच पास विकत घ्या. फॅमिलीसर्च मोफत आहे, पण काही चित्रं फक्त त्यांच्या केंद्रात उघडतात. चेक वह्या विभागीय अभिलेखागारांच्या संकेतस्थळांवर आहेत: दक्षिण मोराव्हियासाठी ब्र्नोचं आक्टा पुब्लिका, पिल्झेनकडच्या पश्चिम भागासाठी पोर्टा फोंटियम, दक्षिण बोहेमियासाठी त्र्शेबोन्य. पोलंडमध्ये शुकाय व्ह आर्खिवाख हे सरकारी अभिलेखागारांचं संकेतस्थळ आणि गेनेटेका ही स्वयंसेवकांनी बनवलेली सूची. पूर्व गॅलिशियाच्या, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या भागाच्या, रोमन कॅथलिक वह्या शोधताना वॉर्सातलं आगाड अभिलेखागार विसरू नका. वही आज ज्या देशात गाव आहे तिथेच असेल असं नसतं. तसंच पूर्वेकडून युद्धानंतर हलवलेल्या काही प्रोटेस्टंट वह्या बर्लिनच्या एव्हांगेलिशेस झेंट्रालआर्खिव्हमध्ये आहेत.

शोधपेटीत नाव टाकलं, काहीच आलं नाही. म्हणजे नोंद नाही?

नाही. म्हणजे कुणी सूची केलेली नाही, किंवा सूची करणाऱ्याने नाव चुकीचं वाचलंय. चित्रं उपलब्ध आहेत पण सूची नाही, असं पुष्कळ वह्यांचं आहे. फॅमिलीसर्चवर शोधपेटी सोडून कॅटलॉगमध्ये जा, गावाचं नाव टाका, वहीचं चित्रसंच उघडा आणि पानं उलटा. वेळ लागतो, पण खरं काम हेच आहे.

पानं उलटण्याआधी वहीचं शेवट पाहा. पुष्कळ धर्मगुरूंनी तिथे अनुक्रमणिका केलेली असते. सतराव्या शतकातल्या काही अनुक्रमणिका आडनावाने नाही, पहिल्या नावाने लावलेल्या असतात. 'एच'मध्ये हॉफमान सापडला नाही म्हणून वही मिटू नका, 'जे'मध्ये योहान पाहा.

सूची वापरायचीच असेल तर आडनाव टाकू नका. धर्मग्राम, आईचं पहिलं नाव, वडिलांचं पहिलं नाव आणि पाच वर्षांची मुदत एवढंच टाका.

अक्षर मुळीच लागत नाही. हे जर्मनच आहे ना?

जर्मनच आहे, पण कुर्रेंट लिपीत. आजच्या जर्मन माणसाला कुर्रेंट जशी दिसते तशी आपल्याला मोडी दिसते: भाषा आपलीच, पण वाचता येत नाही. 1941 मध्ये ती शाळांतून गेली. त्यामुळे 'माझ्या जर्मन मैत्रिणीलाही वाचता आलं नाही' यात नवल नाही.

शिकायला दोन-तीन आठवडे पुरतात, रोज अर्धा तास दिला तर. गोंधळ ठरावीक जागी होतो. छोटा 'ई' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो. 'यू' आणि 'एन' यांचा आकार एकच, म्हणून 'यू'च्या डोक्यावर एक वाटीसारखी खूण काढत. ती दिसली नाही तर 'एन'. शब्दाच्या मध्यातला 'एस' लांब असतो आणि 'एफ'सारखा भासतो. अक्षरावर आडवी रेघ असेल तर ते अक्षर दोनदा वाचायचं. आणि एक सोय: परक्या शब्दांसाठी, लॅटिनसाठी आणि बऱ्याचदा माणसांच्या नावांसाठी धर्मगुरू साधी गोल लॅटिन अक्षरं वापरत. एका ओळीत लिपी बदलते तिथे बहुधा नाव असतं.

वेगळी पाटी घेऊन अक्षरं गिरवण्यापेक्षा त्याच वहीतून त्याच धर्मगुरूचा तक्ता बनवा. महिन्यांची नावं आणि 'योहान', 'मारिया', 'आना' ही नावं तुम्हाला माहीतच आहेत. त्यांतून पंधरा-सोळा अक्षरं मिळतात. तारखांच्या रकान्यातून सुरुवात केली की नावाच्या रकान्यापर्यंत डोळा सरावतो. दर वीस-पंचवीस वर्षांनी हस्ताक्षर बदलतं, म्हणजे धर्मगुरू बदलला. तक्ता नव्याने.

लॅटिन येत नाही. चालेल?

चालेल. पन्नासेक शब्द पुरतात, पण विभक्ती समजली पाहिजे, आणि मराठी माणसाला ती समजवावी लागत नाही. हा नमुना पाहा:

योहान्नेस, फिलिउस लेजितिमुस याकोबी म्युलर कोलोनी एत काथारिने, फिलिए लाउरेंतिई वेबर तेक्स्तोरिस.

अर्थ: योहान्नेस, शेतकरी याकोबुस म्युलर आणि काथारिना यांचा औरस मुलगा, काथारिना ही लाउरेंतिउस वेबर या विणकराची मुलगी. 'याकोबी' हे निराळं नाव नाही, 'याकोबुस'ची षष्ठी आहे: याकोबुसचा. 'काथारिने' म्हणजे काथारिनाचा. षष्ठीला नाव समजून लोक वंशवृक्षात 'याकोबी' नावाचा माणूस बसवतात आणि पुढच्या वहीत तो सापडत नाही म्हणून रडतात. व्यवसायालाही विभक्ती लागते: 'तेक्स्तोर' विणकर, 'तेक्स्तोरिस' विणकराचा.

नेहमी लागणारे शब्द: 'बाप्तिझातुस' बाप्तिस्मा झाला, 'नातुस' जन्मला, 'कोपुलाती' लग्न लागलं, 'सेपुल्तुस' पुरला, 'विदुआ' विधवा, 'पात्रिनी' धर्ममातापिता, 'इनक्विलिनुस' दुसऱ्याच्या जागेत राहणारा भूमिहीन, 'मोलितोर' गिरणीवाला, 'सुतोर' चांभार, 'सार्तोर' शिंपी. शेवटचे दोन एकमेकांत मिसळून वाचू नका.

नावं लॅटिन होताना वेष पालटतात. पोलिश वोइचेख वहीत आदाल्बेर्तुस होतो, वाव्झिनिएत्सचा लाउरेंतिउस, यादविगाची हेदविगिस. घरी कुणी स्वतःला आदाल्बेर्तुस म्हणत नव्हतं. वंशवृक्षात घरचं नाव लिहा, वहीतलं बाजूला नोंदवा.

महिन्यांचा एक सापळा: '7बेर' म्हणजे सातवा महिना नाही, सप्टेंबर. '8बेर' ऑक्टोबर, '9बेर' नोव्हेंबर, 'एक्सबेर' डिसेंबर. लॅटिन सेप्तेम म्हणजे सात, त्यावरून हे आलं. एक्स म्हणजे रोमन दहा.

ऑस्ट्रियन वह्यांत 1784 नंतर एकदम रकाने का दिसतात?

सम्राट दुसऱ्या जोसेफने 20 फेब्रुवारी 1784 च्या आज्ञेने चर्चच्या वहीला सरकारी दस्ताचा दर्जा दिला आणि ठरावीक नमुना लागू केला. जन्माच्या पानावर तारीख, घर क्रमांक, मुलाचं नाव, धर्म, लिंग, औरस-अनौरस, आईवडील, धर्ममातापिता. मृत्यूच्या पानावर वय आणि मृत्यूचं कारणही. प्रत्येक गावाची पानंही वेगळी होऊ लागली. वाचणाऱ्याला केवढी सोय! काही रकान्यांत फक्त खूण किंवा आकडा असतो. अक्षर लागलं नाही तरी नोंदीचा अर्धा अर्थ कळतो.

या सगळ्यांत सोन्यासारखा रकाना आहे घर क्रमांकाचा. एकाच गावात दोन योहान म्युलर असतील, पण एक घर क्रमांक 14 चा आणि दुसरा 31 चा. आधी घर धरा, माणूस आपोआप सुटा होतो. शिवाय गावाचं नवं धर्मग्राम त्याच दशकात स्थापन झालेलं असू शकतं, कारण जोसेफने शेकडो नवी धर्मग्रामं केली. तुमच्या गावची वही 1786 मध्ये अचानक सुरू होत असेल तर वही हरवलेली नाही. त्याआधीच्या नोंदी जुन्या, मोठ्या धर्मग्रामात आहेत. वहीच्या पहिल्या पानावर बहुधा तसं लिहिलेलं असतं.

घर क्रमांक मिळाला. ते घर नकाशावर कसं शोधायचं?

इथे चर्चची वही आणि नकाशा एकत्र येतात, आणि चूकही इथेच होते.

ऑस्ट्रियन सरकारने 1817 ते 1861 या काळात जमीन महसुलासाठी साम्राज्याच्या ऑस्ट्रियन भागाची मोजणी केली. प्रमाण 1:2,880. हा विचित्र आकडा का? नकाशावरचा एक इंच म्हणजे जमिनीवर 40 क्लाफ्टर. एक क्लाफ्टर म्हणजे 6 फूट, एक फूट म्हणजे 12 इंच. 40 गुणिले 6 गुणिले 12 बरोबर 2,880. आजच्या हिशोबात कागदावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे 28.8 मीटर, म्हणून प्रत्येक घराचा आकार स्पष्ट दिसतो. पिवळं घर लाकडी, तांबडं घर दगड-विटांचं. पिवळ्या गावात एकच तांबडी इमारत असेल तर ती बहुधा चर्च किंवा जमीनदाराचं घर.

आता चूक. नकाशावर इमारतीत दिसणारा आकडा घर क्रमांक नाही, भूखंड क्रमांक आहे. सातबाऱ्याचा गट नंबर आणि ग्रामपंचायतीचा घर नंबर एकच असतो का? तसंच. हे दोन्ही जोडणारा दस्त म्हणजे भूखंडांची यादी. तीत भूखंड क्रमांक, मालकाचं नाव, घर क्रमांक आणि क्षेत्र असतं. यादी उघडा, घर क्रमांक 14 ची ओळ शोधा, भूखंड क्रमांक घ्या, मग नकाशा. बोहेमिया आणि मोराव्हियासाठी 'इंडिकेशन स्केच' नावाची मोजणीदारांची क्षेत्रप्रतही आहे. तिच्यावर मालकांची नावं थेट घरावर लिहिलेली असतात. चेक भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर या मोजणीचे रंगीत नकाशे मोफत पाहता येतात.

घर क्रमांकांबाबत आणखी दोन गोष्टी. ते 1770 च्या सुमाराला लष्करभरतीसाठी दिले गेले, आणि पुढे बांधलेल्या घराला पुढचा मोकळा आकडा मिळाला. म्हणून घर 12 च्या शेजारी घर 57 असू शकतं. रस्त्याच्या क्रमाने मोजू नका. दुसरं, कित्येक गावांत एकदा तरी नव्याने क्रमांक दिले गेले. एकाच कुटुंबाची सलग तीन बाळं घर 14 मध्ये आणि चौथं घर 19 मध्ये दिसलं, आणि गावातली सगळीच घरं त्याच वर्षी सरकली असतील, तर कुटुंब हललेलं नाही, क्रमांक हलले. दोन-चार शेजारी कुटुंबं तपासली की लगेच उलगडा होतो.

बाकीचे जुने नकाशे कशासाठी?

ऑस्ट्रियन लष्कराने तीन मोजण्या केल्या: 1763 ते 1787, 1806 ते 1869 आणि 1869 ते 1887. पहिल्या दोन 1:28,800 प्रमाणात, तिसरी 1:25,000. आर्कानमच्या संकेतस्थळावर तिन्ही आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात, पारदर्शकता कमी-जास्त करता येते. पहिली मोजणी हाताने रंगवलेली आणि लष्करी गुपित होती. तिच्यामागे त्रिकोणमितीचं जाळं नव्हतं. त्यामुळे तुमचं गाव आजच्या जागेपासून काहीशे मीटर सरकलेलं दिसेल. तो दोष संकेतस्थळाचा नाही. अंतरापेक्षा तिच्यातून काय काय होतं ते वाचा: गिरणी, क्रूस, खाचखळगे, कोणता रस्ता चालू होता.

जर्मन साम्राज्यासाठी 1:25,000 ची मेसटिशब्लाट नावाची नकाशा-पत्रकं. 1 सेंटिमीटर म्हणजे 250 मीटर. एका पत्रकात 10 मिनिटं रेखांश आणि 6 मिनिटं अक्षांश मावतात, त्यावरून शेजारचं पत्रक कोणतं ते काढता येतं.

उपयोग असा. वधू कुठली ते कळत नसेल तर गावाभोवती पायी दोन-तीन तासांत जाता येईल एवढं वर्तुळ काढा. मधली नदी आणि पूल पाहा. पूल नसलेल्या बाजूची गावं शेवटी तपासा. मग वर्तुळातली चर्च जवळून लांब अशा क्रमाने वाचत जा.

तारखा जुळत नाहीत.

तीन कारणं संभवतात. पहिलं, बाप्तिस्मा आणि जन्म. बाप्तिस्मा एक-दोन दिवसांतच होत असे, आणि जुन्या वहीत फक्त तोच लिहिलेला असतो. आपल्याकडच्या बारशाइतकं अंतर नसतं. दुसरं, दिनदर्शिका. कॅथलिक प्रदेश 1582 नंतर लवकरच ग्रेगरियन मोजणीकडे गेले, जर्मन प्रोटेस्टंट राज्यं 1700 मध्ये गेली, तेव्हा 18 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च आला. शेजारच्या दोन गावांत दहा दिवसांचा फरक म्हणून दिसतो.

तिसरं, मृत्यूच्या नोंदीतल्या वयावरून काढलेली जन्मतारीख. 14 मार्च 1837 ला वारला, वय 63 वर्षं 4 महिने 12 दिवस. आधी वर्षं वजा करा: 14 मार्च 1774. मग महिने: 14 नोव्हेंबर 1773. मग दिवस: 2 नोव्हेंबर 1773. एवढं बारीक वय लिहिलेलं असेल तर धर्मगुरूने जुनी वही पाहिलेली असण्याची शक्यता मोठी. नुसतं '70 वर्षं' असेल तर ते अंदाजाने सांगितलेलं. आधीची-नंतरची पाच-सात वर्षं तपासा.

एकाच आईवडिलांची दोन मुलं, दोघांचं नाव एकच. चूक आहे का?

बहुधा नाही. पहिलं मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव देत. म्हणून बाप्तिस्मा सापडला की लगेच मृत्यूच्या वहीत पुढची दहा वर्षं पाहायची. हे न केल्याने लोक लहानपणीच गेलेल्या बाळाचे वंशज होऊन बसतात.

आडनाव मध्येच बदललं.

वेस्टफालियात शेताला नाव असे. त्या शेताच्या वारसदारणीशी लग्न करून जो घरजावई येई, तो शेताचंच नाव घेई, आणि मुलंही. वहीत दोन नावांमध्ये 'गेनांट' असेल तर तो हाच प्रकार. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी दिसतात. पूर्व फ्रिसलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वडिलांच्या नावावरून आडनाव पडे, दर पिढीला नवं. स्त्रीच्या नावाला जर्मनमध्ये 'इन' आणि चेकमध्ये 'ओव्हा' लागतं: म्युलरिन ही म्युलरच्याच घरची.

सगळं केलं, तरी नोंद मिळत नाही.

क्रमाने तपासा. पहिलं मूल आईच्या माहेरच्या गावात जन्मलंय का? बाळंतपणाला माहेरी जाणं आपल्यालाच माहीत आहे असं नाही. लग्न बहुधा वधूच्या धर्मग्रामात लागे, तिथे पाहिलंत का? अनौरस मूल आईच्या आडनावाखाली असतं. नंतर आईवडिलांचं लग्न झालं की समासात वेगळ्या शाईने वडिलांचं नाव लिहिलेलं सापडतं. बाळ अशक्त असेल तर सुईणीने घरीच बाप्तिस्मा दिलेला असतो आणि नोंद कधीकधी फक्त मृत्यूच्या वहीत असते, बाप्तिस्म्याच्या नाही. ऑस्ट्रियन प्रदेशातलं प्रोटेस्टंट कुटुंब असेल तर 1781 च्या आधी, आणि पुढेही काही दशकं, कॅथलिक वही पाहा. मूळ वही जळाली असेल तर नक्कल मागा: प्रशियात 1794 च्या कायद्यानंतर वहीची दुसरी प्रत न्यायालयात द्यावी लागे. कॅथलिक गावात उपवासकाळात (ईस्टरच्या आधी) किंवा आगमनकाळात (नाताळच्या आधी) लग्नं शोधत बसू नका. तेव्हा ती लागत नसत. जानेवारी, फेब्रुवारी आणि नोव्हेंबर आधी.

कुटुंब ज्यू होतं. चर्चच्या वह्यांचा उपयोग?

फार नाही; त्यांच्या वह्या वेगळ्या. गॅलिशियात एक गोष्ट गोंधळात टाकते: फक्त धार्मिक विधीने झालेलं लग्न सरकार मानत नसे, म्हणून मुलं 'अनौरस' म्हणून आईच्या आडनावाने लिहिलेली दिसतात. त्याचा अर्थ लग्न झालं नव्हतं असा नाही.

इंटरनेटवर आमचा वंशवृक्ष 1500 पर्यंत तयार सापडला!

धर्मग्राम, वही आणि पान दिलेलं नसेल तर तो सुगावा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही. मध्ययुगातला सम्राट शार्लमेन याच्यापर्यंत गेलेला असेल तर सुगावा म्हणूनही नको.

मुंबई-गोव्यात काही मिळेल का?

युरोपीय माणूस मुंबई इलाख्यात जन्मला, लग्न केलं किंवा वारला असेल तर चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या मालिकेत आहेत, आणि त्यात इंग्रजांखेरीज इतर युरोपीयही सापडतात. बंगालची मालिका एन/1, मद्रासची एन/2. गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या वह्यांचं काम मात्र पोर्तुगीज भाषेत आणि वेगळ्या पद्धतीने चालतं. वरचा कुर्रेंटचा तक्ता तिथे कामाचा नाही.

सापडलेली नोंद कशी लिहून ठेवायची?

देश, गाव, धर्मग्राम, पंथ, वहीचा प्रकार, वर्षं, खंड क्रमांक, पान, नोंद क्रमांक, चित्र क्रमांक, पाहिल्याची तारीख. पान आणि चित्र यांचे आकडे वेगळे असतात, दोन्ही लिहा. जुन्या वह्यांत पानाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच आकडा असतो, तेव्हा पुढची बाजू की मागची तेही. चित्र उतरवून घ्या आणि नोंदीसोबतची रकान्यांची शीर्षकं कापू नका. न मिळालेल्या शोधाचीही यादी ठेवा: 'अमुक धर्मग्राम, बाप्तिस्मे, 1760 ते 1772, पूर्ण पाहिलं, नाही.' सहा महिन्यांनी हीच वही पुन्हा उघडायची वेळ त्यामुळे येत नाही.